सोशल गोल्फ क्लबची वर्षअखेरची स्पर्धा: आधी नियम लिहा, मग टी-टाइम घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नमधल्या एका सोशल गोल्फ क्लबची सूत्रं या वर्षी तुमच्याकडे आली आहेत. सभासद २८, निम्म्याहून जास्त मराठी. स्वतःचं मैदान नाही, महिन्यातून एकदा सार्वजनिक कोर्सवर टी-टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) घेऊन खेळता. गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या स्पर्धेत तीन गोष्टी बिनसल्या. बाहेरून आलेला पाहुणा पहिला आला. दुसऱ्या क्रमांकावर दोघांचे गुण सारखे झाले आणि ते सोडवताना वाद झाला. शिवाय खेळ साडेपाच तास चालला आणि जेवायला बोलावलेली कुटुंबं ताटकळली. आता तुम्ही विचारताय की अँब्रोज (चौघांनी मिळून एक बॉल खेळणं) घ्यावं की स्टेबलफोर्ड (प्रत्येकाला दर होलला गुण), बक्षिसं कशी ठेवावीत आणि पाहुण्यांचं काय करावं.

मी इथल्याच एका सोशल क्लबात बरीच वर्षं हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट) आणि ड्रॉचं (गट पाडण्याचं) काम बघतो. तुमच्या तीन तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी माझ्या मते मूळ एकच आहे: जे आधी ठरायला हवं होतं ते खेळ संपल्यावर ठरवलं गेलं. कार्डं जमा झाल्यावर घेतलेला कुठलाही निर्णय, तो कितीही योग्य असो, कुणाच्या तरी बाजूचा वाटतोच. म्हणून एक पानाचं नियमपत्रक तयार करा आणि स्पर्धेच्या किमान दहा दिवस आधी ग्रुपवर टाका. त्यात काय काय हवं ते पुढे सांगतो.

आधी तारीख. व्हिक्टोरियातल्या शाळा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात आणि आपली अर्धी मंडळी त्याच आठवड्यात भारतात जायला निघतात. त्यामुळे पहिला किंवा दुसरा रविवार धरा. मराठी मंडळाचा कार्यक्रम त्याच दिवशी नाही ना, तेही बघून घ्या. डिसेंबरमध्ये इथल्या कोर्सवर कंपन्यांच्या आणि इतर क्लबांच्या बुकिंगची झुंबड असते, तेव्हा सकाळच्या वेळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच धरून ठेवलेल्या बऱ्या.

आता हँडिकॅप. नव्या सेक्रेटरीचं लक्ष ट्रॉफी, टी-शर्ट आणि जेवणाकडे लवकर जातं आणि हँडिकॅपची यादी आदल्या रात्री उघडली जाते. माझा आग्रह आहे की हे काम ऑक्टोबरमध्येच हातावेगळं करा.

ज्यांच्याकडे गोल्फ लिंक (इथली अधिकृत हँडिकॅप नोंद) नंबर आहे त्यांचं काम सोपं आहे, त्यांचं अधिकृत हँडिकॅप आहेच. मात्र ते जसंच्या तसं वापरायचं नसतं. त्या दिवशीच्या कोर्सप्रमाणे आणि टीप्रमाणे (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) डेली हँडिकॅप काढावं लागतं. समजा कुणाचं हँडिकॅप २४.६ आहे, टीचं स्लोप रेटिंग (साध्या खेळाडूला कोर्स किती अवघड) १२१, स्क्रॅच रेटिंग (शून्य हँडिकॅपवाल्याचे अपेक्षित फटके) ७० आणि पार (कोर्सचे ठरलेले फटके) ७१. आधी २४.६ ला १२१ ने गुणून ११३ ने भागा, येतात २६.३. स्क्रॅच रेटिंगमधून पार वजा केलं की उणे १, म्हणजे २५.३. त्याला ०.९३ ने गुणलं की २३.५ च्या थोडं वर, म्हणजे त्या दिवशी सुटीचे २४ शॉट. प्रो शॉपमध्ये (कोर्सवरच्या गोल्फच्या दुकानात) याचा तक्ता असतो, तोच घ्या. पण आकडा कुठून येतो हे तुम्हाला स्वतःला माहीत असलं पाहिजे, कारण कुणीतरी विचारणारच.

ज्यांच्याकडे अधिकृत हँडिकॅप नाही त्यांच्यासाठी क्लबची वही ठेवा, पण रीत अधिकृत पद्धतीचीच वापरा, मनाची नको. जागतिक हँडिकॅप पद्धतीत सुरुवात करायला ५४ होलची कार्डं लागतात, म्हणजे अठरा होलचे तीन राउंड. नव्या खेळाडूचा कुठल्याही होलवरचा स्कोअर पार अधिक पाचच्या वर धरत नाहीत. तीनच कार्डं असली तर त्यातलं सगळ्यात चांगलं घेऊन त्यातून आणखी दोन वजा करतात. हे दोन वजा करणं आपल्याकडे सर्रास विसरलं जातं, आणि मग नवा माणूस भरमसाट शॉट घेऊन उतरतो व ट्रॉफी नेतो. त्यात त्याची काही लबाडी नसते. तो शिकत असतो, दर महिन्याला सुधारत असतो, आणि वहीतला आकडा मात्र मार्चमधलाच राहिलेला असतो.

जुन्या खेळाडूचं हँडिकॅप शेवटच्या २० राउंडांपैकी सर्वोत्तम ८ वरून निघतं. त्यामुळे रोजच्या खेळात माणसाला स्टेबलफोर्डचे ३६ गुण मिळतातच असं नाही. बहुतेकांचे गुण तीसच्या आगेमागेच येतात आणि ३६ हा त्याचा चांगला दिवस असतो. एखादे वेळी ४१ आले तर त्याचं कौतुक करा. लागोपाठ दोनदा आले तर वही चुकली आहे, ती दुरुस्त करा. अधिकृत पद्धतीत हँडिकॅपच्या मानाने सात फटक्यांनी सरस खेळलं की जादा एक, आणि दहा किंवा त्याहून अधिकने सरस खेळलं की दोन आपोआप कापले जातात. तुमच्या वहीलाही हेच लावा, जानेवारीपासून, सगळ्यांना. म्हणजे डिसेंबरमध्ये कुणाचं नाव घेऊन शॉट कापायची वेळ येणार नाही. कारण एखाद्याला सगळ्यांदेखत ‘तुझं हँडिकॅप जास्त आहे’ म्हणणं म्हणजे त्याच्या सचोटीवर बोट ठेवणं, आणि त्याने दुखावलेला माणूस क्लबात परत येत नाही. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी यादी गोठवा आणि जाहीर करा. त्यानंतर बदल नाही.

आता अँब्रोज की स्टेबलफोर्ड. दोन्ही चांगली, पण त्यांची कामं वेगळी आहेत. अँब्रोजमध्ये चौघेही मारतात, सगळ्यात चांगला बॉल निवडतात आणि तिथून पुन्हा चौघे मारतात. इथले कितीतरी क्लब ख्रिसमसच्या सुमारास हेच खेळतात, कारण नवख्याला दडपण येत नाही आणि दिवस मजेत जातो. चौघांच्या हँडिकॅपची बेरीज करून आठाने भागायची. १२, २०, २७ आणि ३३ असतील तर ९२ भागिले ८, म्हणजे साडेअकरा. एक अट मात्र घालाच: प्रत्येकाचे किमान तीन टी-शॉट वापरले गेले पाहिजेत. नाहीतर एकच लांब मारणारा खेळतो आणि बाकी तिघे नुसते चालतात. पण अँब्रोजमधून वर्षाचा विजेता ठरवता येत नाही, कारण कुणी काय खेळलं हे कळतच नाही.

तुमच्या क्लबला मी वैयक्तिक स्टेबलफोर्डच सुचवेन. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबचे डॉक्टर फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या या पद्धतीची पहिली स्पर्धा त्याच क्लबवर १६ मे १९३२ रोजी झाली. एक वाईट होल सगळ्या राउंडवर पाणी ओतू नये, हा तिचा हेतू आजही सोशल क्लबाला तंतोतंत लागू पडतो. नव्यांना नियम सांगताना एकाच होलचं उदाहरण द्या. होल पार चारचा, इंडेक्स (अवघडपणाचा क्रम) चार. खेळाडूला २४ शॉट. अठरा होलना एकेक आणि उरलेले सहा इंडेक्स एक ते सहाच्या होलना, म्हणजे या होलवर त्याला दोन मिळतात. त्याने सहा फटक्यांत संपवलं तर नेट (सूट वजा जाता) चार, म्हणजे पार, दोन गुण. सातात संपवलं तर एक. आठवा फटका लागणार हे दिसलं की गुण शून्य, बॉल उचला आणि पुढच्या टीवर चला. हे शेवटचं वाक्य पत्रकात ठळक लिहा. तुमच्या साडेपाच तासांतला मोठा हिस्सा, मिळणारच नाहीत अशा गुणांसाठी केलेल्या पटिंगमध्ये गेला असेल.

आणि अँब्रोजची मजा हवी असेल तर तीही याच राउंडमध्ये आणता येते. कार्डं जमा झाल्यावर, जेवणाआधी, २८ नावांच्या चिठ्ठ्या करून जोड्या काढा. जोडीतल्या दोघांच्या स्टेबलफोर्ड गुणांची बेरीज, सर्वाधिक बेरजेला जोडीचं बक्षीस. जोडीदार कोण हे खेळताना कुणालाच माहीत नसतं, म्हणून सतराव्या होलवर दोन गुणांनी मागे असलेल्यालाही अठरावा नीट खेळावासा वाटतो. चिठ्ठ्या मुलांच्या हातून काढा, सगळं टेबल जमतं.

वर्षभराच्या गुणतक्त्याबद्दल एक सूचना. दहा राउंडांतले सर्वोत्तम सहा धरत असाल तर शेवटच्या दिवसाला दुप्पट गुण देऊ नका. वर्षभर नेमाने आलेल्या माणसावर तो अन्याय होतो. सर्वोत्तम सहाच्या रीतीत शेवटचा राउंड तसाही महत्त्वाचा असतो, कारण त्यात चांगलं खेळलं की जुना वाईट राउंड गळतो.

वेळेचं गणित मांडूया. २८ जण म्हणजे सात फोरबॉल (चौघांचे गट). एकाच टीवरून आठ-आठ मिनिटांनी सोडले तर पहिला गट सातला निघतो आणि शेवटचा ७:४८ ला, म्हणजे पहिला गट जेवणाच्या टेबलावर पाऊण तास ताटकळतो. शॉटगन स्टार्ट (सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून) एवढ्या लहान गटाला सार्वजनिक कोर्स सहसा देत नाहीत, कारण त्यासाठी सगळं मैदान मोकळं ठेवावं लागतं. त्यापेक्षा पहिल्या आणि दहाव्या टीवरून एकाच वेळी सोडायची परवानगी मागा. एकीकडे चार गट, दुसरीकडे तीन, ७:२४ ला सगळे मैदानात. पुढच्या नऊ होलवर इतर बुकिंग आडवी येणार नाही एवढं स्टार्टरशी (गट सोडणाऱ्या माणसाशी) बोलून घ्या.

दोन्ही टीवरच्या पहिल्या गटात झपझप खेळणारे घाला. पहिला गट रेंगाळला की मागचं कुणी काही करू शकत नाही. बाकी गट हँडिकॅपप्रमाणे मिसळा: एक कमीचा, दोन मधले, एक जास्तीचा. नवरा-बायकोला किंवा एकाच गाडीतून आलेल्या मित्रांना एकमेकांचे मार्कर (दुसऱ्याचे फटके लिहिणारे) करू नका. शंका म्हणून नव्हे, उद्या कुणी शंका घेऊ नये म्हणून. वार्षिक तक्त्यात पुढे असलेले चौघे मात्र एकाच गटात ठेवा. एकमेकांचा खेळ त्यांना डोळ्यांसमोर दिसतो, आणि मागून येणाऱ्या कार्डाबद्दल कुजबुज होत नाही.

वेळ वाचवणाऱ्या एका लोकल रूलची (समितीने स्पर्धेपुरत्या लावायच्या नियमाची) गोल्फच्या नियमांतच सोय करून ठेवलेली आहे आणि सोशल क्लबांनी तो जरूर लावावा. टी-शॉट हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर टीवर परत न जाता, बॉल जिथे गेला असावा त्या बाजूच्या फेअरवेच्या (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेशी, होलच्या जवळ न जाता ड्रॉप करायचा. दंड दोन फटके, म्हणजे पुढचा फटका चौथा. मात्र ज्याने प्रोव्हिजनल बॉल (पहिला हरवला असेल म्हणून आधीच मारलेला दुसरा बॉल) खेळला त्याला ही सवलत नाही. हे पत्रकात लिहाच, कारण मैदानावर नेमका याच मुद्द्यावर घोळ होतो. बॉल शोधायला तीन मिनिटं, २०१९ पासून नियमच तसा आहे. आणि जो तयार असेल त्याने आधी मारावं, मानपान नको.

कार्डांबद्दल. होलवार फटके बरोबर असणं ही खेळाडूची आणि मार्करची जबाबदारी. गुणांची बेरीज आणि हँडिकॅप लावणं समितीचं काम, तेव्हा बेरीज चुकली म्हणून कुणाला बाद करू नका. सही राहिली तर सरळ बाद करण्याऐवजी दोन फटक्यांचा दंड लावायची मुभा देणारा लोकल रूलही आहे. तो घ्या, आणि तो दंड स्टेबलफोर्डमध्ये कसा वजा करायचा तेही लिहा. जमा करण्याची जागा एकच ठेवा, आणि दोघांनी बसून कार्डं तपासा, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. मी हे टेबल नेहमी बारपासून लांब घेतो. गर्दीत आकडे चुकतात.

समान गुणांचा तुमचा वाद काउंटबॅकने सुटला असता. आधी शेवटच्या नऊ होलचे गुण, तेही सारखे तर शेवटच्या सहाचे, मग तिनांचे, मग अठराव्याचे. दोन टीवरून सुरुवात केली असेल तर ‘शेवटचे नऊ’ म्हणजे कार्डावरचे १० ते १८, कुणी कुठून सुरुवात केली तरीही. हे एक वाक्य आधी लिहिलेलं नसेल तर दहाव्यावरून निघालेला माणूस म्हणणार की माझे शेवटचे नऊ म्हणजे १ ते ९, आणि त्याचंही म्हणणं अगदीच गैर नसतं.

बक्षिसं. हँडिकॅपवर खेळलेल्या स्पर्धेत हौशी खेळाडूने रोख बक्षीस घ्यायचं नाही, हौशी दर्जाचा नियम तसा आहे. म्हणून पाकीट नको, प्रो शॉपचं व्हाउचर किंवा वस्तू द्या. एका माणसाला एकच मुख्य बक्षीस हा नियम ठेवा, वर्षानुवर्षं त्याच चौघांना टाळ्या वाजवत बसायला बाकीचे येत नाहीत. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत एकेक चांगला बॉल द्या. खर्च फार नाही आणि दहा जण काहीतरी घेऊन घरी जातात.

निअरेस्ट द पिन (टी-शॉट काठीच्या सगळ्यात जवळ) हे बक्षीस प्रत्येक पार तीनवर ठेवा. काठीला कागद अडकवा, नाव आणि अंतर लिहायचं, बॉल ग्रीनवर असेल तरच. शेवटच्या गटाने कागद गोळा करून आणायचा हे त्या गटाला नाव घेऊन सांगा, नाहीतर तो कागद तिथेच फडफडत राहतो. दोन टीवरून सुरुवात असेल तर कुठल्या होलवर शेवटचा गट कोणता हेही बदलतं, ते आधी बघून ठेवा. लाँगेस्ट ड्राइव्हला बॉल फेअरवेतच हवा, आणि स्त्रियांसाठी वेगळा होल द्या. २७ च्या वर हँडिकॅप असलेल्यांसाठी एखाद्या पार चारवर ‘दुसऱ्या शॉटनंतर सगळ्यात जवळ’ असं बक्षीस ठेवा. आमच्याकडे सर्वाधिक उत्साह त्याच होलवर असतो.

माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं बक्षीस म्हणजे जानेवारी ते डिसेंबर सर्वाधिक हँडिकॅप उतरवणाऱ्याचं. ते वहीतून निघतं, त्यात नशीब नाही, आणि ज्याने वर्षभर रेंजवर घाम गाळला त्याचं नाव सगळ्यांसमोर घेतलं जातं. शेवटच्या क्रमांकाला लाकडी चमचा देऊन हसण्याची इथली प्रथा मी मानत नाही. आपले कितीतरी सभासद चाळिशीत पहिल्यांदा क्लब हातात धरतात. शेवटच्याला प्रो बरोबरच्या एका शिकवणीचं व्हाउचर द्या, तो पुढच्या वर्षी नक्की येईल.

मेलबर्नच्या डिसेंबरचा भरवसा नाही. उत्तरेचा वारा सुटला की पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी वारा फिरला की तासाभरात स्वेटर शोधावा लागतो. आदल्या संध्याकाळी सहा वाजता अंदाज बघून जो निर्णय होईल तो अंतिम, आणि तो एकच माणूस देईल, असं पत्रकात लिहा. नवव्या होलनंतर पाणी आणि फळं ठेवा. ओढ्याकाठच्या उंच गवतात बॉल गेला तर शोधू नका, उन्हाळ्यात तिथे साप असतात. लांब भोंगा वाजला की विजेच्या धोक्यामुळे खेळ ताबडतोब बंद, पटर हातात असला तरी थांबायचं. नऊच होल झाले आणि पुढे खेळता आलं नाही तर निकाल कशावर लावायचा, तेही आधी लिहा. आम्ही नऊ होल सगळ्यांचे पूर्ण झाले असतील तर त्यावरच बक्षिसं देतो, वार्षिक तक्त्यात ते धरत नाही.

कुटुंबांना १२:३० ची वेळ द्या, १२ ची नको. किती शाकाहारी, किती अंड्याशिवाय, कुणाचा उपवास, हा आकडा स्वयंपाकघराला आठवडाभर आधी कळवा. इथल्या मेनूत ‘व्हेज’ म्हटलं की कधीकधी एक सॅलडच पुढे येतं. घरून चिवडा, वड्या आणायच्या असतील तर व्यवस्थापकाला विचारून घ्या, बहुतेकदा हो म्हणतात. बाहेरची दारू मात्र आणायची नाही. ती जागा परवानाधारक असते आणि परवाना त्यांचा धोक्यात येतो.

राहिले पाहुणे. त्यांना जरूर बोलवा, त्यातूनच पुढचे सभासद मिळतात. पण ट्रॉफी, पहिले तीन क्रमांक आणि वार्षिक तक्ता फक्त सभासदांसाठी, तेही वर्षात तुमच्याबरोबर किमान तीन राउंड खेळलेल्यांसाठी. पाहुण्याला निअरेस्ट द पिन, लाँगेस्ट ड्राइव्ह आणि चिठ्ठ्यांतली जोडी खुली. पाहुण्यांमधला सर्वोत्तम असं एक वेगळं बक्षीस ठेवा, म्हणजे ४२ गुण करूनही त्याला रिकाम्या हाताने जावं लागणार नाही. आणि हे त्याला बोलावतानाच, फोनवर सांगा. गेल्या वर्षीच्या तुमच्या पाहुण्याला या वेळी पुन्हा बोलावलंत तर उत्तम. तो नियमाप्रमाणेच जिंकला होता, नियम तुमच्याकडे लिहिलेला नव्हता, एवढंच त्याला सांगा.